वावरातून डब्यात

भाजलेले गहू 40 ग्रॅम, हरभऱ्याची भाजकी डाळ 16 ग्रॅम, शेंगदाणे 10 ग्रॅम, गूळ 20 ग्रॅम. चारही जिन्नस एकत्र केले की 86 ग्रॅम होतात आणि त्यातून 330 कॅलरी आणि 11 ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं कुपोषित मुलांसाठी हे प्रमाण बसवलं आणि ‘हैदराबाद मिक्स’ या नावानं ते पोषणशास्त्राच्या पुस्तकांत गेलं. ना भट्टी, ना ओव्हन, ना तळण. भाजायचं, दळायचं, डब्यात भरायचं.

हे प्रमाण अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यात साठी ओलांडलेल्या कोणत्याही बाईला वाचून दाखवा. फल्लीदाण्याचा, म्हणजे शेंगदाण्याचा, तेवढा अपवाद सोडला, तर ती लगेच सांगेल की हा आपला सातू आहे. वऱ्हाडात सातू म्हणजे गहू आणि डाळवं (हरभऱ्याची भाजकी डाळ) यांचं पीठ. दोन वाटे गहू, एक वाटा डाळवं, चवीला सुंठ किंवा वेलची. उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवायचं, वरून तुपाची धार सोडायची. लेकरू शाळेतून आलं की वाटीभर सातू, पाहुणा उन्हातून आला की वाटीभर सातू, पायी वारीला निघालेल्या माणसाच्या पिशवीतही सातूच. संस्थेनं प्रयोगशाळेत मोजून मापून जे सिद्ध केलं, ते वऱ्हाडातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या पसा-मुठीच्या मापानं केलं.

‘नो-बेक’ खाऊचे व्हिडिओ आता तिवस्यातल्या मोबाइलवरही पोचले आहेत. ओट्स, खजूर, बदामाचं लोणी, कोकोची पूड, आणि सगळं मळून फ्रिजमध्ये ठेवायचं. त्यात वाईट काही नाही. पण तालुक्याच्या बाजारात बदामाच्या लोण्याची बाटली घ्यायला गेलं तर मजुरीचा एक दिवस त्यात जातो, आणि तिच्या बदल्यात मिळणारं सगळं काही निम्म्याहून कमी पैशात त्याच बाजारातल्या किराणा दुकानात, उघड्या पोत्यांमध्ये ठेवलेलं असतं. फल्लीदाणे, तीळ, जवस, डाळवं, मुरमुरे, गूळ. म्हणून मला या लेखात पाककृतींच्या मागे फार लागायचं नाही. हा खाऊ सकस का आहे, तो घरातून का जातो आहे आणि परत आणायचा तर सुरुवात कुठून करायची, एवढंच बघायचं आहे.

आधी सकस का, ते. गहू, ज्वारी, तांदूळ या धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. हरभरा, तूर, मूग यांत ते भरपूर असतं, पण त्यांच्यात मेथिओनिन कमी पडतं. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. तिळात मेथिओनिन चांगलं असतं, म्हणून सातूत चमचाभर भाजक्या तिळाचा कूट टाकला तर जोडी आणखी घट्ट बसते. वरणभाताचं, डाळ-ज्वारीच्या जेवणाचं तत्त्व तेच. फरक इतकाच की सातूत हे जेवण कोरडं करून ठेवलेलं आहे, त्याला चूल लागत नाही आणि ते महिनाभर टिकतं.

सातू करण्यातली खरी मेख भाजण्यात आहे. गहू धुवायचे, तासभर ओल्या कापडात बांधून ठेवायचे, मग हलके कांडून वरचा कोंडा मोकळा करायचा आणि सुपानं पाखडायचा. दाणा सावलीत सुकला की लोखंडी कढईत मंद जाळावर भाजायला घ्यायचा. घाई केली तर दाणा वरून करपतो आणि आत कच्चाच राहतो. असा सातू जिभेला चिकटतो आणि पोटाला जड होतो. नीट भाजलेला गहू फुगून हलका होतो, दाताखाली धरला की कुरकुरीत फुटतो आणि घरभर त्याचा वास सुटतो. “जाळ कमी कर वं माय, गहू काही पळून नाही चालला,” असं चुलीजवळ बसलेली सासू सुनेला म्हणते, त्यात सगळी पाककृती येते. भाजलेलं धान्य नंतर पुन्हा शिजवावं लागत नाही, कारण त्यातला स्टार्च या उष्णतेनं बराचसा पचण्याजोगा झालेला असतो. डाळवं तर बाजारातून येतं तेच भाजलेलं. ते फक्त गरम करून दळायचं.

डाळवं, फुटाणे, मुरमुरे, लाह्या ही सगळी भडभुंज्याच्या भट्टीची माया. तापलेल्या रेतीत दाणा टाकतात आणि झाऱ्यानं परततात. रेती दाण्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता देते, तेलाचा थेंबही लागत नाही. ज्वारीची लाही फुटते ती दाण्यातल्या ओलाव्यामुळे. टणक सालीच्या आत पाण्याची वाफ कोंडते, साल एकदम फाटते आणि आतला स्टार्च फुलून बाहेर येतो. ओलावा उडून गेलेली जुनी ज्वारी म्हणूनच नीट फुटत नाही, नुसती गरम होऊन पडून राहते. तांदळाचा मुरमुराही आधी उकडलेल्या भातापासून होतो आणि शेवटी रेतीतच फुलतो. पूर्वी बाजाराच्या दिवशी घरचं धान्य भडभुंज्याकडे नेऊन भाजून आणायची रीत होती. आता कारखान्यातली पिशवी येते. भट्ट्या बंद झाल्या की घरची ज्वारी लाहीपर्यंत पोचतच नाही.

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठ मागे पडतं, मग मोझरीचं गुरुकुंज लागतं, आणि त्यानंतर तिवसा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापला आणि 11 ऑक्टोबर 1968 रोजी त्यांचं महानिर्वाण झालं. त्यांच्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत ग्राम-आरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. दवाखान्याच्या आधी आहार, व्यायाम आणि स्वच्छता यांचा विचार एका संतानं गावच्या भाषेत मांडून ठेवला, आणि तोही इथंच, या तालुक्याच्या मातीत. पुण्यतिथीचा महोत्सव कोजागिरी आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत येतो. वऱ्हाडात सप्ताह किंवा उत्सव संपतो तो गोपाळकाल्यानं: लाह्या, पोहे, दही, डाळवं, काकडी, हिरवी मिरची, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. न शिजवता केलेला, आंबवलेल्या दह्याचा, धान्य आणि डाळ यांचा मेळ असलेला हा पदार्थ हजार माणसांना एकाच वेळी वाटता येतो, आणि त्यात कोणाची जात विचारली जात नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीसाठी आणखी काय हवं?

रोजच्या घरात काल्याचा धाकटा भाऊ म्हणजे कच्चा चिवडा. अमरावती-अकोल्याकडे संध्याकाळी चारनंतर हा होत नाही असं घर विरळाच. मुरमुरे गंजात (पातेल्यात) घ्यायचे, त्यात कच्चं फल्लीतेल बेताचं, तिखट, मीठ, डाळवं, भाजके फल्लीदाणे, बारीक चिरलेला कांदा, भेदरं (टोमॅटो), हिरवी मिरची, सांबार, वरून लिंबू. हातानं कालवायचा आणि लगेच खायचा, नाहीतर मुरमुरा नरम पडतो. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मुरमुरे वजनानं हलके, पोट भरल्यासारखं वाटायला लावणारे, पण प्रथिनांच्या बाबतीत गरीब. चिवड्याचं बळ डाळवं आणि फल्लीदाण्यात आहे. बहुतेक घरांत हे दोन जिन्नस वर शोभेला पेरतात. गंजभर मुरमुऱ्यांना दोन वाट्या तरी डाळवं आणि फल्लीदाणे पडले, तर तो लेकराचा खाऊ झाला.

मुरमुऱ्याचा लाडू मात्र कसबाचा. गूळ चिक्कीचा घ्यावा लागतो. साधा गूळ ओलसर असतो आणि लाडू दुसऱ्या दिवशी बसतात. कढईत चमचाभर तूप, त्यात बारीक चिरलेला गूळ, आणि मध्यम आच. आधी तो विरघळतो, मग फेस वर येतो, मग फेसाचा रंग गडद होत जातो. वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकून पाहायचा. बोटात मऊ गोळी झाली तर अजून वेळ आहे. थेंब कडक होऊन ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजला, की आच बंद. गोळीबंद पाक साधारण 120 अंश सेल्सियसच्या आसपास असतो, आणि कडक पाकाला पुढे आणखी पंचवीस-तीस अंश चढावे लागतात. गुळातलं पाणी उडत जातं तसतसा तो घट्ट होतो, एवढंच या सगळ्याचं शास्त्र. मुरमुरे, तीळ, डाळवं, कुटलेले फल्लीदाणे आधीच मोजून हाताशी ठेवायचे, कारण पाक तयार झाल्यावर थांबत नाही. हाताला पाणी लावून गरम असतानाच वळायचे. तीन-चार जणींनी एकत्र बसून वळले तरच गंज रिकामा होतो. एकटीनं केलं तर अर्धा घाणा कढईलाच चिकटून दगड होतो. हा खाऊ नेहमी चार हातांनी होत आला. आता घरात दोनच हात असतात, तेही दुपारी सोयाबीनच्या सोंगणीतून परतलेले. बाईला ‘घरचं कर’ असा उपदेश करण्याआधी घरातल्या पुरुषांनी फल्लीदाणे भाजायला आणि सोलायला बसावं, असं मला कळकळीनं वाटतं.

सकस खाण्याचं बोलताना मेळघाट टाळता येत नाही; तो तिवस्याच्या वायव्येला, याच अमरावती जिल्ह्यात आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं, आणि तेव्हापासून ‘कुपोषण’ या शब्दासोबत मेळघाटचं नाव जोडलं गेलं. जगात याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. 1996 मध्ये आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालरोगतज्ज्ञानं मिशेल लेस्कान यांच्यासह शेंगदाण्याची एक पेस्ट तयार केली: शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण. 92 ग्रॅमचं एक पाकीट, त्यात 500 कॅलरी. ‘प्लम्पीनट’ नावाची ही पेस्ट शिजवावी लागत नाही, पाण्यात कालवावी लागत नाही. कोरडी आणि तेलकट असल्यामुळे तिच्यात जंतू वाढत नाहीत, फ्रिज लागत नाही. 2005 च्या नायजरच्या अन्नटंचाईत तिनं असंख्य मुलं वाचवली, आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतर संस्थांनी तीव्र कुपोषणाचा उपचार घरीही होऊ शकतो असं संयुक्त निवेदन काढलं. मेळघाटात धारणीजवळ काम करणाऱ्या डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ ट्रस्टनं अशाच तत्त्वावर स्थानिक जिन्नसांतून उपचाराचा आहार तयार केला. बाहेरचं पाकीट आणायचं की गावातच बनवायचं, हा वाद अजून चालू आहे. माझं मत गावाच्या बाजूनं आहे. पण इथे एक स्पष्ट सांगायला हवं: सॅम म्हणजे तीव्र कुपोषित बाळाला घरचा लाडू हा उपचार नाही. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालचा उपचारच हवा, आणि गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्र. आपल्या खाऊचं काम त्याच्या आधीचं आहे, बाळ त्या टोकाला जाऊ नये यासाठी.

त्या पेस्टची युक्ती आणि वऱ्हाडातल्या लाडवाची युक्ती एकच आहे. पाणी काढून टाका, तेल आणि गोड यांनी बांधा. म्हणून तिळाचा, फल्लीचा, खारीक-खोबऱ्याचा लाडू आठ-पंधरा दिवस बिनघोर टिकतो, आणि ओल्या नारळाचा गोळा तीन दिवसांत आंबतो.

आता यातली नावडती बाजू. गूळ म्हणजे औषध नव्हे. त्यात थोडं लोह, थोडं पोटॅशियम असतं, पण मुख्यतः ती साखरच आहे. मधुमेह असलेल्या घरात ‘गुळाचं आहे, चालतं’ हे वाक्य बंद व्हायला हवं. खजुरालाही तोच नियम. फल्लीदाण्यांत बुरशी लागलेले, काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून फेकलेच पाहिजेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकतं, यकृताला घातक, आणि ते भाजल्यानं पुरतं जात नाही. जवस भाजून लगेच दळावं आणि थोडं थोडंच दळावं. दळलेलं महिनाभर ठेवलं की त्यातलं तेल खवट होतं, आणि ज्या ओमेगा-3 साठी आपण ते खातो तेच बिघडतं. अख्खं जवस तसंच पोटातून निघून जातं. आणि चार-पाच वर्षांखालच्या लेकराच्या हाती अख्खे फुटाणे किंवा अख्खे फल्लीदाणे कधी देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. त्यांना कूट किंवा पीठच.

लोहाचं सांगायलाच हवं, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के बायकांना आणि पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. तिळात कॅल्शियम शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमहून जास्त असतं. तीळ, हळीव, खारीक, गूळ यांत लोहही असतं, पण वनस्पतीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची सोबत लागते. आणि ती सोबत तिवस्याच्या शेजारीच आहे. वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा इथून जवळच, आणि आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात. तिळाचा किंवा हळिवाचा लाडू आणि त्याच्यासोबत एक संत्रं: इतकी स्वस्त आणि इतकी अचूक जोडी दुसरी नाही. आपण मात्र लाडवासोबत चहा पितो, आणि चहातलं टॅनिन लोह अडवतं. चहा तासभर उशिरा घ्या.

आता शेतावर यायला हवं, कारण खाऊ कमी झाला त्याचं मूळ कढईत नाही. जुन्या वऱ्हाडी वावरात कापूस एकटा नसायचा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं शिफारस केलेली पट्टा पद्धत आठवते: कापसाच्या सहा ओळी, ज्वारीची एक, तुरीच्या दोन, पुन्हा ज्वारीची एक. धुऱ्यावर (बांधावर) अंबाडी, कुठे तीळ, रब्बीत जवस. घराला लागणारा सगळा खाऊ त्या एका वावरात उभा असायचा. मग सोयाबीन आलं, त्याला भाव मिळाला, पैसा लवकर हातात आला. शेतकऱ्यानं ते घेतलं यात त्याचा दोष नाही. ज्वारीला रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा त्रास, पाखरांचा त्रास, कणसं खुडायला माणूस मिळेना आणि भावही नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात ज्वारीच्या कुकीज आल्या, पण तिवस्याच्या वावरात ज्वारीचं तास परतलं नाही.

तरी सोयाबीनशी भांडण कशाला? ते दारात पोत्यांनी उभं आहे आणि त्याच्या दाण्यात वजनाच्या सुमारे 40 टक्के प्रथिनं आहेत. अडचण एकच, कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारी द्रव्यं असतात आणि त्याला उग्र वास असतो. दोन्हींवर उपाय उष्णता. सात-आठ तास भिजवा, पाणी फेका, उकळत्या पाण्यात वीस मिनिटं शिजवा, सालं चोळून काढा, उन्हात कडकडीत वाळवा, मग कढईत मीठ टाकून खरपूस भाजा. हे सोयाबीनचे फुटाणे झाले. हेच दळून सातूत दहा वाटे पिठाला एक वाटा मिसळा, चव बिघडत नाही. फक्त पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं कधीही खाण्यात येता कामा नये. ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या खुणेच्या पोत्यात ठेवा. ज्या शेतकऱ्याच्या घरात सोयाबीनची थप्पी लागते, त्याच्या लेकराच्या हातात प्रथिनांच्या नावानं शहरातल्या कंपनीचं पाकीट असावं, हे मला सहन होत नाही.

सरकारनं यात वाटा उचलायला हवा, आणि त्यासाठी नवीन कायद्याची गरज नाही. अंगणवाडीतल्या आहारासाठी ठेकेदार नकोत, गावातली महिला मंडळं आणि बचत गट हवेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 7 ऑक्टोबर 2004 चा आहे. महाराष्ट्रात 2016 मध्ये घरपोच आहारासाठी काढलेल्या निविदा त्याच न्यायालयानं 2019 मध्ये रद्द केल्या, आणि त्या खटल्यात दाद मागणारा एक बचत गटच होता. तरीही गावात पाकिटं बाहेरूनच येतात. पाकिटातलं पीठ बाळ खात नाही, घरात पडून राहतं आणि कधी जनावरापुढे जातं, हे अंगणवाडीच्या ताईला, आशाताईला, सगळ्यांना ठाऊक आहे. तेच पैसे गावच्या गटाला दिले, भाजायला एक गॅसची भट्टी आणि दळायला एक चक्की दिली, तर तिवस्याच्या गटाचा सातू तिवस्याच्या बाळाला मिळेल. त्या गटाकडून ज्वारी, तीळ, जवस हमखास विकत घेतलं जाईल असं शेतकऱ्याला दिसलं, तर एक-दोन ओळी तो पुन्हा लावेल. शेतकरी उपदेशावर पीक बदलत नाही, गिऱ्हाइकावर बदलतो.

सुरुवात जवसापासून करता येईल. त्याची पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करता येते, म्हणजे सोयाबीन निघालेल्या वावरात दिवाळीच्या आगेमागे. सगळं वावर नको, हरभऱ्याच्या कडेनं चार ओळी लावल्या तरी एका घराच्या चटणीला आणि लाडवांना वर्षभर पुरतात. बियाणं कृषी केंद्रात किंवा विद्यापीठाच्या विक्री केंद्रात चौकशी करून घ्यावं. ज्वारीची कणसं पाखरांपासून वाचवायला कापडी पिशव्या बांधता येतात, आणि घरापुरती चार-पाच तासं असली तर तेवढ्यांना बांधणं जमतं. तिळाला पाणी साचलेलं चालत नाही, एवढं सांभाळलं की तो धुऱ्याच्या चढावरही येतो.